वेळकोंडचा पूल : तपासणी

पहिला रकाना, बांधकामाचं वर्ष.
दप्तरात नाही. मोडीतला एक कागद होता म्हणतात,
वाळवीने वाचून संपवला.
सुभान तांडेल जाळं विणता विणता म्हणाला,
पूल आधीचा, खाडी मागाहून आली.
जैनबबी होडेकर म्हणाल्या, आमच्या खापरपणज्याचं गलबत
मीठ भरून मधल्या कमानीतून जायचं, डोलकाठी आडवी पाडून,
आणि जकातवाला वरून दोरीने टोपली सोडायचा.
टोपली आठवते त्यांना. साल नाही.

दुसरा रकाना, साहित्य.
हे मला दिसतं.
पायाला काळा दगड, वर जांभा,
मध्ये शिंपल्या भाजून केलेला चुना,
गूळ, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ घालून
बैलाच्या घाणीत मळलेला.
आणि (इथे सगळेच आवाज खाली आणतात)
तिसऱ्या खांबात एक बाळंतीण.
खांब उभा राहीना, म्हणून.
तिचं नाव कुणालाच सांगता येत नाही,
तरी शिमग्यात पालखी नेमकी तिथेच थांबते,
गावाची शीव तिथे, खांदे बदलायचे तिथे,
आणि मोहल्ल्यातून आलेलं तेल दिव्यात पडल्याशिवाय
देव पुढे हलत नाही.
सासरी निघालेली पोर कठड्यावर ठेवते
एक खारीक, एक हळकुंड,
मागे न बघता.

तिसरा रकाना, वापरकर्ते.
इथे माझं पेन अडतं.

आमच्या घरात या पुलाची गोष्ट वेगळी आहे.
आमच्या धाकनाकाने सड्यावरून चिरे वाहिले,
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर जांभा,
दिवसाला अकरा खेपा, शेरभर नाचणी.
शेवटचा चिरा बसला, नारळ फुटला,
आणि त्याला सांगितलं,
तू खालून जा.

तेव्हापासून आमचं घड्याळ ओहोटी.
बाजार ओहोटीला, सुईण ओहोटीला.
पणजी लग्न होऊन आली ती लुगडं खोचून,
गुडघाभर चिखलातून, कमानीच्या सावलीखालून,
वाजंत्र्यांनी ढोल डोक्यावर धरलेला.
भरती असली की मयतसुद्धा थांबायचं
काठावर, तिरडीवर, पाणी उतरेपर्यंत.

मग कधीतरी आमच्यातला एक पोरगा, तिसरीतला,
पाटी छातीशी धरून वरून गेला.
त्या दिवशी पुढे काय झालं
ते कुणी पुरतं सांगत नाही.
पाटी फुटली, एवढंच.
आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वरून गेला,
उरलेल्या तुकड्यावर बाराखडी लिहून.

मी खाली उतरलो.
तक्त्यात नव्हतं, तरी उतरलो.
तिसऱ्या खांबाशी रुक्मीण कुबल कोयतीने कालवं सोडवत होती.
म्हणाली, पूल कोणी बांधल्यान ता माका म्हायत नाय,
पण कालवां ह्याच खांबाची गॉड.
मी दगडावर हात ठेवला. थंड होता, ओला,
छिन्नीचे तिरके घाव अजून ताजे वाटावेत असे.
कुठे नाव दिसतं का बघत बोट फिरवलं
आणि कालवाच्या कडेने ते उभं कापलं गेलं.
चुन्यात दोन थेंब.
त्या गोष्टीतल्या खांबाला अख्खी बाई लागली होती.
लागला मां, ती म्हणाली, खाऱ्या पान्यात धर.
मग खाडीच्या तोंडाकडे बघून,
पानी चढता हां. वर जावा आता.

वर आलो.
तक्त्यावर एक तांबडा डाग पडला होता, तो राहू दिला.
भारक्षमतेला उपकरण लागेल, तालुक्याहून येईल,
कळेल तेव्हा कळेल.
कमानी पाच. भेगा दोन, एकीत पिंपळ.
टेप पिशवीतच राहिली.
मधोमध चालत गेलो, मोजत,
समोरून एक रिक्षा आली, ती बाजूने गेली.

लांबी : एकशे सत्तावीस पावलं,
चपला हातात.