वडगाव, चेंबर क्रमांक सतरा

सकाळी साडेसहाला झाकण उघडलं,
पहार लावून, दोघांनी, "धर बे, धर" म्हणत.
आत काळोख होता तसाच होता,
फक्त आज त्यात कुणाला उतरायचं नव्हतं.

यंत्र हुबळीहून टेम्पोतून आलं,
लग्नातल्या फ्रिजसारखं ताडपत्रीत बांधून.
सहा चाकं, मानेवर डोळा,
पाठीला दीडशे मीटर पिवळी केबल.
गल्लीतल्या पोरांनी लगेच नाव ठेवलं: खेकडा.

शिवलीला खुर्चीत, पडदा मांडीवर.
बैलहोंगलची. डिप्लोमा.
मी शेजारी उभा, पालिकेचा फॉर्म घेऊन.
मराठीत बघतो, कानडीत लिहितो,
बावीस वर्षं झाली,
मधली शिवण आता मलाच सापडत नाही.

भरमाणी मागे कट्ट्यावर.
त्याला आज बोलावलेलं नव्हतं.

चार मीटर. सात. अकरा.
पाइपच्या पोटाला घाम.
एक उंदीर थांबतो, दिव्याकडे बघतो,
आणि साहेबाला द्यावी तशी वाट देतो.
एकोणीसला शिवलीला म्हणते, "इल्लि एनो बण्ण ऐत्री."
रंग. खरंच. विटांवर जांभळी रेघ,
तिच्याखाली हिरवी, तिच्याखाली कसलीतरी,
साडीचा काठ उलटा धरावा तशी.
नकाशात इथं काहीच नाही.

भरमाणी पडद्याकडे न बघता सांगतो,
"डावीकडनं दगडी गटार येतंय. रंगाऱ्यांचं.
माग चालू होते तवा शनवारी जांभळं पाणी यायचं.
आठ दिवस पाय धुतले तरी जायचं नाही.
बायको म्हणायची, कुणाच्या लग्नात नाचून आलास?"

यंत्र डावीकडे मान वळवतं.
गटार आहे. दगडी.
मी नकाशावर पेन्सिलीनं काढतो, जरा वाकडं.

अडतीस मीटरला ते ओरडतं.
बारीक, कोंबडीच्या पिलासारखं, थांबून थांबून.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लाल.
"ग्यास," शिवलीला म्हणते. हा शब्द दोन्हीकडे सारखाच.
ती चहाचा घोट घेते. यंत्र पुढे जातं.
त्याला काय.

भरमाणी उठून आलाय.
"किती वेळानं वाजलं?"
लगेच, मी म्हणतो.
"लगेच म्हणजे? चार पावलं? पाच?"
मी तिला कानडीत विचारतो, ती मागे नेऊन बघते:
पावणेदोन सेकंद.
तो ओठ हलवत काहीतरी मोजतो.

तेव्हा काडी असायची. आगपेटीची.
विझली की वर या, एवढंच सांगायचे.
सातेरीची काडी विझली होती
की आधीच भिजलेली होती, यावर चौकशी झाली,
तिचा कागद मीच फाईलला लावलाय,
दोन भाषांत.
"पावणेदोन," भरमाणी म्हणतो,
आणि परत कट्ट्यावर जाऊन बसतो.

फॉर्मचा सातवा रकाना: अडचणे.
आपलीच अडचण, शेवटी एक मात्रा जास्त.
आढळली का, आढळल्यास कितव्या मीटरला.
मी अडतीस लिहितो.
पुढे दोन बोटं जागा उरते.

साडेनऊला केबल गुंडाळत त्याला वर ओढलं.
काळं, निथळतं, डोळ्यावर शेवाळ.
पोरं नाक धरून पळाली.
शिवलीला हातमोजे शोधत होती तोवर
भरमाणीनं समोरच्या घरातनं बादली-तांब्या मागून आणला.
आधी डोळा, मग मान, मग एकेक चाक.
"गार हाय जरा," असंही म्हणाला.
"अण्णा, नीर जास्ती हाकब्याड्री!" ती ओरडली,
केबल जिथं शिरते तिकडं बोट दाखवत.
त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला,
ती जागा मुठीत झाकली,
आणि ओतत राहिला.

बादली परत द्यायला मी गेलो.
दारातली बाई म्हणाली, "राहू दे, तुमाकडंच.
तांब्या पण."
टेम्पोत ठेवली, यंत्राशेजारी.
चांगली होती. नवीच.