पुढच्या वर्षी हे ज्याच्या गळ्यात पडेल त्याला

बदलीचा कागद आलाय, म्हणून हे चार शब्द,
फायलीच्या आत, पुठ्ठ्याला चिकटवून.

स्वच्छतागृहाची किल्ली दस्तगीर नदाफकडे असते
आणि सहाला दस्तगीर दवाखान्यात जातो, बायकोचं डायलिसिस.
किल्ली आधी मागून ठेव. बाकी सगळं निभतं.

स्टेज नको. त्या वर्षी पाहुणे दुपारी बाराला उगवले,
बिराजदार मंडपवाल्याच्या दीडशे खुर्च्या एवढ्या तापल्या
की भाषण ऐकायला फक्त चिमण्या, त्याही सावली बघून.
अहवालात मी लिहिलं : कार्यक्रम यशस्वी.

फेब्रुवारी घे. सोलापुरात मार्चचं ऊन
कुणाची निमंत्रणपत्रिका वाचत नाही.
टँकर आदल्या रात्री सांग. झाडांचं पाणी माणसांना पाजलंस
तर कामुनी माळी आठवडाभर बोलणार नाही तुझ्याशी.

पत्रकं शाळांत वाटलीस की शाळा येतात, रांगेत,
डबे खातात, जातात. वाट तरीही.
यंदा थोडी विडी कारखान्याच्या दारात ठेवली होती,
तेलुगूत, कामुनीनं पंपाच्या खोलीत बसून लिहिलेली.

नऊजणी आल्या. साडेपाचला,
विड्या मोजून देऊन, सुपं तशीच काखेत.
मी माईकवर पाटी वाचत होते : टेंभुर्णी, कुळ अमुक...
"टेंभुर्णी म्हंजे ते गाव की! यष्टी थांबते बघा तिथं."
हसल्या सगळ्या.

नरसव्वा इप्पलपल्लीनं तेवढ्यात एक पान धरलं.
तोडलं नाही. उलटं केलं, शीर अंगठ्यानं चाचपली,
नि बाकीच्यांकडे न बघताच म्हणाली,
"तुनिकी आकु."

चाळीस वर्षं, दिवसाला हजार,
रात्री भिजवून, पत्र्याच्या मापानं कापून.
झाड एकीनंही पाहिलं नव्हतं.
कुणी खोडाला हात लावला आणि झटकन मागं घेतला,
न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखा.
नरसव्वा म्हणाली, जून झालंय पान, वळताना फाटंल.
कामुनीनं ते वहीत लिहून घेतलं.
मी माईक बंद केला.

अंधार पडला तरी त्या तिथंच,
मोबाईलच्या उजेडात वर बघत.
किल्ली माझ्याकडे होती, म्हणून घाई नव्हती कुणाला.

उपस्थितीत नऊ लिहिलं तर साहेब विचारतील.
मी तीनशे बारा लिहिलेत, शाळा धरून. तेही खरंच आहे.
तू फक्त एवढं कर :
त्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटू देऊ नकोस.
हात पोचला पाहिजे.