डावा की उजवा

गुरुवारी शाळा येतात.
दारातूनच पोरं सुटतात मोठ्या सांगाड्याकडे,
ज्याची मान छताच्या काचेला विचारपूस करते,
आणि ओश्मान बाई खाली उभ्या राहून टोप्या मोजतात:
एकवीस, बावीस, पुन्हा एकवीस.

माझी खुर्ची मागच्या दालनात.
इथे सस्तन प्राणी, काचेआड, शिस्तीत.
इथे कुणी धावत येत नाही.
बर्लिनचा हिवाळा लांबला की काही जण हीटरपाशी हात शेकायला येतात,
आणि एक म्हातारे गृहस्थ, रानडुकराला नमस्कार करायला.
कोट वाळेपर्यंत दोघं गप्प बसतात.

त्या दिवशी बाविसावी टोपी इथे होती.
निळी. खाली वाहतं नाक,
कपाळ थेट काचेला टेकवलेलं.
समोर लिंक्स: कानांवर काळे झुपके,
पुढचा पाय उचललेला,
माझ्या आजीच्या जन्माआधीपासून उचललेला.

"हा माझ्याकडे बघतोय का?"

नोकरीला लागल्यापासून हाच प्रश्न.
उत्तर ठरलेलं आहे: नाही, डोळे काचेचे आहेत.
पण तिने विचारलं ते असं,
जसं कडी काढण्याआधी आतून कुणी विचारतं, कोण आहे.

नाव विचारलं. फेराय.
म्हटलं, फेराय, थुरिंगियाच्या डोंगरात एक गाव आहे.
तिथली माणसं ज्योतीवर काच फुंकून डोळे करतात.
घुबडांचे. हरणांचे. बाहुल्यांचे.
माणसांचेही.

मी अकरा वर्षांची होते. भावाची गलोल,
पाइनचं कच्चं, टणक फळ;
नेम त्याने कावळ्यावर धरला होता, हे मान्य.
आईने आगगाडीने त्या गावाला नेलं,
वाटेत उकडलेलं अंडं सोलून दिलं
आणि तोंडातून शब्द काढला नाही.
कारागिराने माझ्या उरलेल्या डोळ्यात जितका वेळ पाहिलं
तितका वेळ नंतर कुणी पाहिलं नाही,
नवऱ्यानेसुद्धा.
मग राखाडी काचेत त्याने हिरव्याचा एक धागा सोडला.
शेजारच्या खणात कापसावर पिवळे डोळे मांडलेले,
वर चिठ्ठी: रानमांजर, मोठं.

यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं,
माझाही एक तिथलाच आहे. ओळख, कुठला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिंक्सकडे,
मग परत माझ्याकडे. घाई नव्हती तिला.
"हा," म्हणाली, आणि बोट दाखवलं
उजव्याकडे.
जो माझा आहे. ज्याने मी
औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचते,
भावाची पत्रं वाचायचे,
आणि सहा तास रोज हे दालन राखते.

"का गं?"
"दमलेला दिसतो. दुसरा बघा कसा चमकतोय."

ओश्मान बाई धापा टाकत आल्या, "बावीस!" म्हणाल्या,
हाताला धरून घेऊन गेल्या.
वळणावर फेरायने मला डोळा मारला,
म्हणजे मारायला गेली.
दोन्ही मिटले.

सहाला घंटा. दिवे एकेक ओळ करून गेले.
दालनात मी एकटी; उगाच
तळहाताने उजवा डोळा झाकला
आणि लिंक्सला जेवढं दिसतं
तेवढं पाहिलं.

हात काढला तेव्हा
काचेवर तिच्या कपाळाचा ठसा होता, तेलकट,
लिंक्सच्या नाकासमोर.
पुसायचं फडकं माझ्या खिशातच होतं.
पण सफाईला रात्री द्रागित्सा येते,
तिचं काम तिने करावं,
मला ट्राम गाठायची होती.