परिशिष्ट तीन : रचना

सुवर्णमहोत्सवी ग्रंथाचा तक्ता माझ्याकडे आला,
कारण माझं अक्षर बरं, आणि निवृत्तीला चार महिने.
वर कुलपती. खाली कुलगुरू, मग कुलसचिव,
संचालक तीन, शिक्षण, संशोधन, विस्तार,
अधिष्ठाता, विभागप्रमुख.
पट्टी धरून मी रेघारेघांनी उतरत गेलो
टेकडीवरच्या कचेरीतून मुरडीच्या खाडीकडे उतरावं तसा :
जांभ्याच्या पायऱ्या, काजू, सुरू,
आणि अगदी तळाला खारभूमी केंद्र.
एक शेड, एक उघाडी, साडेतीन हेक्टर.
उधाणाला दोन.

पहिल्या कुलगुरूंची खुर्ची
मराठी शाळेतून उसनी आणलेली.
हे पान सातवर आहे.
परत केल्याची नोंद सापडली नाही.

संकरांची वही सापडली, वाळवीनं कडा खाल्लेली.
डॉक्टर इस्माईल परकारांचं तिरपं अक्षर :
मादी, नर, तारीख.
‘करणार’ या रकान्यात निळा अंगठा.
पुढच्या ओळीत अंगठा. पान उलटलं, अंगठा.
एकच भोवरा, डावीकडे कोयतीचा व्रण.

हजेरीपटात नाव मिळालं : हिरू गोताड, रोजंदारी.

उन्हं कलली की फुलाचं टोक कातरायचं,
चिमट्यानं सहा पुंकेसर काढायचे.
एक राहिला तर फूल स्वतःचंच स्वतः फळतं.
वर कागदी टोपी, दोरा, चिठ्ठी.
सकाळी दहाला भात उमलतं, तेवढ्यात नराचा पराग झाडायचा.
डॉक्टरांचे हात तोवर कापू लागले होते;
हे कुठल्याही अहवालात नाही,
ड्रायव्हर धोपटनं सांगितलं.

रविवारी गेलो. म्हातारी अंगणात कालवं फोडत होती.
एकशे अठरा नंबर विचारला,
ज्याच्यावर आमचा अख्खा विभाग उभा,
ज्याचं लोंबीचं चित्र लेटरहेडवर.
मादी : स्थानिक, लाल, गोताडांचा वाफा.
नर : सुधारित, बाहेरचा.

‘त्याचे पाचच काडले मी,’ ती म्हणाली. ‘सावा ठेवला.’
चुकून?
‘चुकून कशाक? घरातली पोर, खाऱ्या पाण्यात वाढलेली.
भायरचा नवरा हवाच कशाला?
लाल निघाला तेव्हा डॉक्टर बोलले, आईवर गेलाय.
मी गप रवली. तीन रुपये रोज होता.’
आणि पुढचं कालव फोडलं.

परत येऊन तक्ता काढला.
पान बारावरचं, ‘विद्यापीठाने विकसित केलेला पहिला क्षारसहनशील वाण’,
हे वाक्य मी बदललं नाही. तो माझा विभाग नव्हे.
फक्त सगळ्यात खालच्या चौकटीच्याही खाली,
जिथे तक्ता संपतो आणि नुसता कागद सुरू होतो,
तिथून एक तुटक रेघ वर नेली,
शिपाई, लिपिक, विभागप्रमुख ओलांडून
संशोधन संचालकांपर्यंत.
(तुटक रेघ : सल्लागार संबंध, असं तळटीपेत आहेच.)

प्रूफ परत आलं, लाल शाईत शेरा :
ही कुठून आली?

मी लिहिलं : खालून.
मग खोडलं, आणि लिहिलं :
मूळ प्रतीप्रमाणे.