माल मालकाच्या जोखमीवर

फॉर्मवर छापलंय 'शहराची बलस्थाने'
आणि खाली चार ओळी रिकाम्या.
मुलगी पुण्याहून आलीय, सर्वेक्षणाची,
गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली.
म्हणाली, काका, थोडक्यात सांगा.

थोडक्यात मला कार्बनपेपरएवढंच येतं, बाई.
वर लिहिलं की खाली दोन ठिकाणी उमटतं.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या या पत्र्याखाली
बिल्ट्या फाडतोय.
शहर मी पाहिलंय ते पत्त्यांतून.

सुरुवातीला सगळ्या गाठी चादरींच्या.
गावं पाठ: हुबळी, गुलबर्गा, नांदेड, लातूर.
मग गिरणीचा भोंगा थांबला.
दूधवाल्यालासुद्धा वेळ कळेना.
त्या वर्षी माझं एक पुस्तक दिवाळीपर्यंत पुरलं,
पेनातली शाई वाळली.

राजेशम मडूर तेव्हा माग विकायला निघालेला.
भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला.
पैसे न्यायला, माग उचलायला उद्या येतो म्हणाला,
आणि रात्री राजेशमनं त्याच मागावर टॉवेल लावला.
हट्टानं की हिशेबानं, आजही सांगत नाही.
एवढंच म्हणतो, "चादरीला घर लागते. टॉवेलला फक्त अंग."
काही वर्षांनी त्याच्याच गाठीवर
एकेक अक्षर विचारत मी पहिल्यांदा लिहिलं:
न्हावाशेवामार्गे, हॅम्बुर्ग.
पेन खाली ठेवलं, सगळ्यांना चहा मागवला.
पैसे माझ्याच खात्यावर.

तो इलाही नदाफ, हमाल.
पाठीवर घेताच सांगतो, टॉवेल की गणवेश.
मे महिन्यात सगळे गणवेशच.
कुठल्या कुठल्या गावची पोरं जूनमध्ये
आमच्या काज-बटणांत शाळेत जातात,
त्यांना कुठं माहीत सोलापूर.
कॉलरी शिवते सुगुणा चिट्याल.
आधी दिवसाला हजार विड्या वळायची.
त्या बोटांना टोक कसं काढायचं, शिकवावं लागलं नाही.
फक्त पहिले सहा महिने
ती शिवलेला प्रत्येक शर्ट नाकाला लावून बघायची,
तंबाखूचा वास लागला तर नाही?

हे बलस्थानात बसतं का बघ.
आणि हे लिही, इथं भाव तेलुगूत ठरतो,
उधारी कन्नडात मागतात,
शिवी दख्खनीत देतात, पावती मराठीत फाटते,
आणि कुणाचंच काही अडत नाही.
कडक भाकरीचा खोका दुबईला जातो,
त्यावर आम्ही 'काचसामान' लिहितो,
म्हणजे फेकत नाहीत.

विमानाचं विचारलंस?
टॉवेल उडतात, पण गच्चीवरून.
पाण्याचं विचारू नकोस.
नळ ज्या दिवशी येतो त्या दिवशी
निम्मे कामगार उशिरा येतात,
मालकही ओरडत नाही, तोही उशिराच आलेला असतो.

आणि एक माल आहे, त्याची नोंद माझ्याकडे नाही.
रात्रीच्या बसनं तो तुझ्या पुण्याला जातो,
बॅग पाठीला, डिग्री प्लॅस्टिकच्या पिशवीत.
माझाही एक गेला.
वजन केलं नाही, भाडं लावलं नाही,
परतीचा पत्ता त्याला पाठ आहे, एवढंच.

मुलीनं पेन मिटलं.
चार ओळी तशाच रिकाम्या.
म्हणाली, काका, हे एवढं मावत नाही.

मग मीच पुस्तक ओढलं.
पाठवणारा: सोलापूर.
घेणारा: जो मागेल तो.
नग: मोजणी चालू.
मालाचा तपशील इथं मी जरा थांबलो,
बाहेर हैदराबादची गाडी लागत होती,
इलाही हाका मारत होता,
म्हणून लिहिलं: हात.
शेरा छापलेलाच होता, माल मालकाच्या जोखमीवर.

तिची सही घेतली, कार्बन काढला.
खालच्या प्रतीवर अक्षर फिकं आलंय,
पण लागतं.