रात्र दुसरी

जुन्या बाजारात, रविवारी, एक कॅसेट मिळाली.
पंधराला देत होता, मीच वीस दिले,
कारण वरचं अक्षर बाईचं होतं
आणि निळ्या शाईत एवढंच:
"भात कापल्यावर. रात्र दुसरी."
गावाचं नाव नाही. वाजवणाऱ्याचं तर नाहीच.

तपकीर गल्लीत माझं दुकान, साडेसहा फुटांचं.
टेप दुरुस्त करणारा आता मी एकटाच उरलोय,
तेव्हा उत्तम म्हणायचं की शेवटचा, ते गिऱ्हाईक ठरवतं.
कॅसेट लावली.
काहीतरी फुंकायचं वाद्य, नाकातून बोलल्यासारखं,
श्वासच न घेता तीच तीच चाल दळत होतं,
आणि खाली पावलं. पुष्कळ पावलं. मातीवर.

पुतण्याने फोन धरला टेपसमोर.
फोन बराच वेळ विचारात पडला
आणि एका पंजाबी लग्नात निघाला.

कासमभाई क्लॅरिनेटवाले चहाला आले, डोळे मिटून दोनदा ऐकलं.
"वरातीचं नाही हे. ह्याच्यावर वरात काढली
तर मांडवाला पोचायचीच नाही, जागच्या जागी गोल फिरेल."
वरच्या मजल्यावरच्या देवस्थळीबाईंनी पेटी उघडली.
सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या फटीत सापडला.
"बेसूर नाही," त्या जराशा नाराजीनेच म्हणाल्या,
"पण माझ्या पेटीत बसत नाही."
लोहियानगरचा दशरथ हलगीवाला
काउंटरवर बोटं वाजवत राहिला, मग थांबला:
"पळतंय कुठं येवढं? येवढ्या पळत्यावर बाया नाचतील व्हय?"

त्या रात्री मला कुत्रं ऐकू आलं.
तिसऱ्या मिनिटाला, लांबून.
भुंकणं पिल्लाचं, दम मोठ्या कुत्र्याचा.
मग कळलं. मोटर नवी होती, मीच टाकलेली, गेल्या दिवाळीत.
चाळीस वर्षं लोकांचे टेप नीट करतोय
आणि माझा स्वतःचा पळत होता.
मोटरच्या मागच्या भोकात बारीक पेचकस घालून
केसभर, केसभर मागे घेत गेलो
कुत्रं म्हातारं होईपर्यंत.
चाल उतरली. जड झाली. तिला गुडघे आले.

मंगळवारी जयवंती खरपडे तिचा स्पीकर न्यायला आली.
रास्ता पेठेत, दवाखान्यात, एक्स-रे काढते.
पैसे मोजता मोजता थांबली.
फळीच्या अलीकडून मला पाय दिसत नव्हते,
फक्त वेणी हलताना दिसली.
"तारपा आहे काका. आमच्याकडचा, जव्हारच्या बाजूचा."
चाळा कुठला तेही सांगितलं.
मी वही ओढली तर हसली.
"नाव काय लिहिताय? नावावर कुणी नाचत नाही.
इथे बघा, इथे तो वळतो. ऐकलंत? की आपण वळायचं."
ऐकलं नव्हतं.
महिनाभर ते वळण मला खरखर वाटत होतं,
त्यासाठी हेड पुसलं होतं मी, दोनदा, स्पिरिटने.

"आणि वाजवणाऱ्याकडे पाठ नाही करायची."
गल्लीत एका टेम्पोला वाट द्यायला ती सरकली
तीसुद्धा तोंड टेपकडे ठेवून, आडवी आडवी,
टेम्पोवाला हॉर्न मारायचा विसरला.

मग चाल बदलली.
जयवंतीची वेणी थांबली.
"परत लावा."
लावलं.
"हे नाही माहीत." थोड्या वेळाने, हळू: "हे मी ऐकलेलंच नाही."
एवढा वेळ मी परका होतो. आता आम्ही दोघं.
तिने फोनवर भरून घेतलं, मामांना पाठवलं,
स्पीकर तसाच विसरून गेली, परत येऊन घेऊन गेली.

मामांचं उत्तर रात्री आलं, तिने मला पुढे धाडलं:
भात कापतोय. कापल्यावर ऐकतो.

वहीत अर्ध्या कॅसेटसमोर नाव आहे.
उरलेल्या अर्ध्यासमोर मामांचा नंबर.