एकोणचाळिसावी रात्र

मुलग्याचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी, मुलीचा ऐंशीव्या,
अब्बा मेलाकू बोटांवर मोजून सांगतात,
जणू मी गोंदारची नाहीच.
जुळ्यांचं काय, विचारलं
तर दाढी कुरवाळत राहिले.

ती आधी आली. पाऊण तास
एकटीच रडली, तेव्हा कुठे हा निघाला.
मी म्हटलं, आता यानं थांबावं तिच्यासाठी,
एकाच पाण्यात भिजू देत दोघं.

सासू काही बोलली नाही.
कॉफीच्या बिया भाजताना
तिचं लक्ष याच्या छातीकडे,
श्वासागणिक खळगा पडतो तिथे.
तिचा एक असाच गेला, छत्तिसाव्या दिवशी.
कुठे पुरला, ती सांगत नाही.

देसालेन म्हणाला, तू ठरव,
आणि गाढवाला चारा घालायला गेला.
अजून घालतोच आहे.

मी पांढरी शाल धुतली. एकच.
चुलीपाशी वाळत टाकली.
मग कापूस घेऊन बसले,
उद्या गळ्यात बांधायचा दोरा वळला.
हात थांबेनात,
दुसराही वळला,
तो ठेवला उशीखाली
तिच्या बाजूला.